पुलखेडीचा पूल, तीस कॅमेरे आणि एक काळा फोटो

इंदूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या फोटो ग्रुपवर गेले काही दिवस असं लिहिलं जातंय, की पुलखेडीच्या ट्रिपचा विचका मी केला. लिहिणाऱ्यांनी पुढे हात जोडलेले आणि रडणारे चेहरेही टाकले आहेत. ग्रुपवर मी उत्तर देत नाही, कारण तिथे उत्तर लिहायला घेतलं की मध्येच कुणाच्या नातवाचा वाढदिवस येतो आणि सगळे केक टाकायला लागतात. म्हणून इथे लिहिते. ज्यांना पुलखेडीला जायचं आहे त्यांना रस्ता, जेवण, खर्च सगळं यात मिळेल. फोटो मात्र मिळणार नाही. का, ते वाचता वाचता कळेल.

पुलखेडी हे मानपूरचा घाट उतरल्यावर आग्रा-मुंबई रस्त्यावरून आत वळलं की लागणारं लहान गाव. नर्मदेला मिळणाऱ्या एका छोट्या नदीवर तिथे होळकरांच्या वेळचा दगडी कमानींचा पूल आहे. ट्रक आणि बस आता शेजारच्या नव्या पुलावरून जातात. जुन्यावरून माणसं, सायकली आणि गाई. गेल्या वर्षी नगरपालिकेने जुन्या पुलाला रंगीत दिवे लावले, आणि तेव्हापासून इंदूरची माणसं तो बघायला जाऊ लागली. त्याआधी तो दिसत नव्हता असं नाही. पण दिवसा फुकट दिसणाऱ्या गोष्टीसाठी आमचे इंदूरकर पेट्रोल जाळत नाहीत.

ट्रिपची कल्पना विलासजींची. विलासजी म्हणजे आमच्या फोटो ग्रुपचे अॅडमिन. बँकेतून रिटायर झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. त्यांची लेन्स दुधाच्या बरणीएवढी आहे आणि फोटो ते मोबाईलवर काढतात. मंडळाच्या हॉलमध्ये त्यांनी आधी आमचा क्लास घेतला. विषय होता ब्लू अवर. सूर्य बुडाल्यावर आकाश पूर्ण काळं होण्याआधी थोडा वेळ गडद निळं असतं, आणि दिव्यांचे चांगले फोटो फक्त तेवढ्याच वेळात येतात. हे खरं आहे. मी कॉलेजात फिजिक्स शिकले आणि तेव्हाच्या डार्करूममध्ये हात पिवळे करून घेतले, त्यामुळे एवढं मलाही माहीत होतं.

"ब्लू अवर में कोणी हिलणार नाही," विलासजी म्हणाले. "ना चहा, ना नाश्ता. खाणं-पिणं सगळं बाद में. ठीक आहे ना भिया लोग?"

भिया म्हणजे आमच्याकडचे भाऊ. भिया लोगांनी माना डोलावल्या. त्यात आम्ही बायकाही होतो.

"और एक खुशखबर. मी तिथल्या नगरपालिकेत फोन करून ठेवला आहे. इंदूरहून मोठी पार्टी येऊन राहिली आहे म्हटलं, त्या दिवशी लाईट एक मिनिट पण बंद नाही व्हायला पाहिजे."

टाळ्या वाजल्या. हा फोन वाचणाऱ्यांनी लक्षात ठेवावा.

माझ्याकडे मंडळाचा ट्रायपॉड, एक मेमरी कार्ड आणि कपाटाची किल्ली होती. या वस्तू माझ्याकडे असतात, कारण मी मुलींच्या शाळेत सुपरवायझर होते आणि माझ्याकडे दिलेली वस्तू परत येते असा समज आहे.

रविवारी जेवणं उरकून अन्नपूर्णा मंदिरासमोर जमायचं ठरलं होतं. मी वेळेवर गेले. माझ्याशिवाय वेळेवर आलेली एकच, मृण्मयी. ही पुण्याची, नोकरीसाठी इंदूरला आलेली, कम्प्युटरच्या कंपनीत आहे. पाठीवर कॅमेऱ्याची सॅक, हातात पाण्याची बाटली, चेहऱ्यावर शिस्त.

"काकू, इथे दोन वाजता म्हणजे नक्की कधी?"

"विलासजी आले की."

विलासजी आले, लेन्स आली, मग त्यांच्या सौभाग्यवती आल्या आणि त्यांच्यामागून शेवेच्या पुड्यांनी भरलेली पिशवी आली. मृण्मयीने विचारलं, प्रवास जेमतेम दोन-अडीच तासांचा ना? मी म्हटलं, हो. पिशवीकडे बघून तिने पुढे काही विचारलं नाही. पुण्याच्या लोकांना कधी गप्प बसावं ते कळत नाही असं म्हणतात. तिला कळलं.

शहराबाहेर पडताच राऊला बस थांबली. सगळे घरून जेवून आले होते. तरी पोहे झाले, पोह्यांवर जिलेबी झाली. "राऊ बिना पोहे के क्रॉस करने का मतलब?" असं एक गृहस्थ मला विचारत होते. मतलब मी सांगितला असता, पण त्यांच्या तोंडात जिलेबी होती आणि ऐकण्याची तयारी नव्हती.

रस्ता उत्तम आहे. स्वतःची गाडी असेल तर महूच्या बाहेरून निघा, गावात शिरू नका. मानपूरच्या अलीकडे-पलीकडे या दिवसांत सीताफळांच्या टोपल्या लावून बायका बसतात. घ्या, पण बसमध्ये खाऊ नका. आमच्या बसमध्ये तीस माणसांनी खाल्ली आणि बिया खिडकीतून टाकल्या. देशातल्या सर्वांत स्वच्छ शहराचे नागरिक शहराची हद्द ओलांडली की किती मोकळे होतात, ते बघायला ही जागा चांगली. मी दोघांना बिया उचलायला लावल्या. विचका करण्याच्या आरोपात हाही मुद्दा आहे, तो मला मान्य आहे.

घाटात ट्रक मुंगीच्या चालीने उतरतात. दिवसाउजेडी उतरा आणि ओव्हरटेकचा मोह आवरा. घाट संपल्यावर उजवीकडे पुलखेडीची पाटी आहे. पाटी लहान आणि तिच्यावरचा नेता मोठा, त्यामुळे वळण चुकतं. आमचंही चुकलं.

गावात पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पार्किंग शाळेच्या मैदानात. स्वच्छतागृह आहे, नसल्यासारखं आहे, महिलांनी नदीच्या घाटाच्या वर देवळाच्या धर्मशाळेत विचारावं. तिथल्या बाई किल्ली देतात आणि पैसे घेत नाहीत. नदीकाठी "आय लव्ह पुलखेडी" अशी माणसाच्या उंचीची लाल अक्षरं उभी केली आहेत. ती ज्या ओट्यावर आहेत तिथूनच पूल सर्वांत चांगला दिसायचा. आता तिथून अक्षरांची पाठ दिसते.

पूल मात्र सुरेख आहे. हे सरळ लिहिते, कारण पुढे फार चांगलं लिहायची संधी मिळणार नाही. काळा दगड, ठेंगण्या रुंद कमानी, दर खांबाला पाण्याच्या अंगाला होडीच्या नाकासारखा कोन, पूर आला की पाणी दोन्हीकडे फाकावं म्हणून. मधल्या कमानीच्या वर, बाहेरच्या बाजूला एक कोनाडा आहे. कबुतरं बसतात तेवढाच. मी तेव्हा त्याच्याकडे फारसं बघितलं नाही.

फोटो काढायची जागा सांगते. उगवतीच्या बाजूचा खालचा घाट, पाण्यालगतच्या दोन-तीन पायऱ्या सोडून. तिथून सगळ्या कमानी आणि पाण्यातलं त्यांचं प्रतिबिंब मिळतं. मी तिथे ट्रायपॉड उघडला, कॅमेरा लावला आणि मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं.

सगळी मंडळी दाल-पानियेच्या गाडीवर होती. मक्याच्या पिठाचे जाड पानगे रुईच्या पानांत दाबून गोवऱ्यांच्या आचेवर भाजतात, वरून तूप आणि बरोबर झणझणीत डाळ, त्याला इकडे दाल-पानिये म्हणतात. पोटभर खाऊन माणशी शंभराच्या आत काम होतं, आणि अप्रतिम असतात, जरूर खा. पण सूर्य बुडायच्या आधी खा किंवा अंधार पडल्यावर खा. आमची मंडळी नेमकी मधल्या वेळात खात होती, कारण गाडीवाल्याने विस्तवातून पहिली खेप काढली आणि म्हणाला, "दूसरी अभी निकल रही है, एकदम गरम." इंदूरच्या माणसाला "एकदम गरम निघतंय" हे ऐकवून जागेवरून हलवून दाखवावं. आग लागली तरी तो म्हणेल, दो मिनट, प्लेट आ जाने दो.

सूर्य बुडाला. आकाश निळं झालं, खरोखर सुंदर निळं, आणि पुलाचे दिवे लागले.

आता दिव्यांबद्दल. पहिल्यांदा पूल जांभळा झाला. मग पोपटी. मग भगवा. मग अर्धा गुलाबी आणि अर्धा निळा, आणि मग सगळे रंग एकामागून एक पळत सुटले. इतक्या वर्षांच्या दगडाला लग्नाच्या हॉलबाहेरच्या कमानीसारखा नाचवायला कुणाला तरी सुचलं, कुणी तरी त्याला मंजुरी दिली आणि कुणी तरी फीत कापली. मी चार फोटो काढले. चारही पुसले.

मी विलासजींना फोन लावला. "आकाश निळं आहे. या."

"बस, दुसरी खेप निघून राहिली आहे. सबकी प्लेट लग गई है, अब छोड़ के कैसे आएं?"

मृण्मयीला लावला. "काकू, मी फक्त चव बघतेय." तिच्या तोंडात भरपूर चव असावी, शब्द नीट येत नव्हते. मागून कुणीतरी ओरडत होतं, "अरे जीरावन कोणी आणला आहे का?" जीरावन म्हणजे आमचा इंदूरचा मसाला. तो आम्ही पोह्यांवर घालतो, पेरूवर घालतो, आणि संधी मिळाली तर ब्लू अवरवरही घालू.

आकाश काळं होत आलं तेव्हा माझ्यापासून चार हातांवर पायरीवर एक बाई बसलेली मला दिसली. साठीच्या पुढची, पांढऱ्या लुगड्यात, कपाळावर आडवा हात धरून पुलाकडे डोळे बारीक करून बघणारी. मला वाटलं, गावातली असून रोज तेच काय बघते. मग तिने डोळे पुसले आणि पुन्हा हात धरला. मी विचारलं, "काही हरवलंय का?" सवयीने मराठीतच विचारलं गेलं.

"तुम्ही मराठी का?" ती म्हणाली. "मी पण. आमचे पूर्वज होळकरांच्या फौजेत होते, पुलावरच्या नाक्यावर. मी सरूबाई. बाई, तुम्हाला तो मधल्या कमानीवरचा कोनाडा दिसून राहिला आहे का?"

"दिसतोय. आता हिरवा आहे."

"त्याच्यात दिवा आहे का?"

मी बघितलं. काही दिसलं नाही. कॅमेऱ्याची लेन्स ओढून बघितलं, तेव्हा रंगांच्या मागे एक बारीक पिवळा ठिपका दिसला, तोही रंग बदलताना क्षणभरच. "आहे," मी म्हटलं.

"मला नाही दिसत. एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, ही लाईट त्याच्यात चमकते आणि सगळं धुवून जातं." तिने सांगितलं, "माझे हे गेले. आज तेरवी आहे त्यांची."

मग तिने तो रिवाज सांगितला. गावात कुणी गेलं की तेराव्याच्या संध्याकाळी घरातलं एक माणूस पुलावरून वाकून त्या कोनाड्यात पणती ठेवतं. दुसरं माणूस या घाटावर बसतं आणि पणती आपोआप विझेपर्यंत तिच्यावर नजर ठेवतं. विझताना बघायचं, "गेले पार" म्हणायचं आणि मागे न बघता घरी जायचं. बघण्याचा मान थोरल्या मुलाचा.

"मुलगा दुबईला आहे. त्याला सुट्टी नाही दिली. म्हणून मी बसले." पणती ठेवायचं काम तिच्या दिराने केलं होतं.

"आणि विझताना कुणी बघितलं नाही तर?"

"तर माणूस अर्ध्या पुलावर राहून जातं ना, बाई. ना इकडे ना तिकडे." ती हे रडत सांगत नव्हती. बस चुकली तर काय होतं ते सांगावं तसं सांगत होती. "तेल एका पळीचंच असतं. किती उरलं असेल?"

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण तिथे माझ्या विश्वासाचा प्रश्नच नव्हता. एक बाई नवऱ्याला निरोप द्यायला आली होती आणि तिच्या डोळ्यांत कुणीतरी जांभळा बल्ब मारत होतं.

"हे दिवे बंद होत नाहीत का?"

"होतात. तेरवी असली की तो लाईटवाला बंद करतो. आज माझा दीर सांगायला गेला तर म्हणाला, आज नाही. इंदूरहून कोणी मोठी पार्टी आली आहे."

मी उठले. पुलाच्या तोंडाशी पत्र्याची केबिन आहे, तिथे दिव्यांची सगळी बटणं. आत पंचविशीचा लाईटवाला मोबाईल बघत बसला होता.

"भैया, पुल की लाइट बंद करो."

"मैडम, नहीं कर सकता. तेरवी होती है तो मैं खुद करता हूं, किसी से भी पूछ लो. पर आज ऊपर से फोन है. इंदौर की बड़ी पार्टी है."

"वो बड़ी पार्टी मैं हूं."

त्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. सुती साडी, पायांत बूट, गळ्यात कॅमेरा. "और वो लेंसवाले साहब? वो दोपहर से दो बार फोन लगा चुके हैं. वो चिल्लाएंगे."

"मेरे ऊपर चिल्लाएंगे. तेरा नाम नहीं आएगा. तेल खतम हो रहा है, बेटा, बटन दबा."

त्याने दाबलं. खरं सांगायचं तर तो कुणीतरी सांगायचीच वाट बघत होता.

नेमक्या त्याच वेळी आमची मंडळी घाटावर उतरत होती. तृप्त, ढेकर देत, ट्रायपॉड खांद्यावर. पूल अंधारात गेला आणि मागून एकच गलका उठला.

"अरे! लाईट गेली!"

"जनरेटर नाही का यांच्याकडे?"

"अहो, धरा मला, पायरी दिसत नाही!"

आणि मग सुरू झाले फ्लॅश. एवढ्या लांबच्या पुलावर मोबाईलचा फ्लॅश मारणारी माणसं मी प्रथमच बघितली असं नाही. ही माणसं चंद्रावरसुद्धा मारतात. सरूबाईंनी पुन्हा डोळ्यांवर हात धरला.

मी शाळेत प्रार्थनेच्या वेळी लावायची तो आवाज लावला. "मोबाईल खाली!"

खाली गेले. तीस प्रौढ माणसांचे हात एकदम खाली गेले. विलासजींचा शेवटी गेला.

"काकू, ट्रान्सफॉर्मर उडाला का?" मृण्मयीने हळूच विचारलं.

"नाही. मी दिवे बंद करायला सांगितले."

"तुम्ही?" विलासजी दोन पायऱ्या उतरून आले. "ताई, काय मजाक आहे हा? मी आठ दिवसांपासून सेटिंग लावून राहिलो आहे! आम्ही काय इथे अंधाराचे फोटो काढायला आलो?"

"या बाईंच्या यजमानांचं तेरावं आहे. तो दिवा विझेपर्यंत बघायचा आहे त्यांना."

"बरोबर आहे, दुःखाची गोष्ट आहे, मानतो. पण कधी विझणार तो?"

"ते त्याला विचारा."

विलासजी पुढे काही बोलणार होते. पण तोपर्यंत सगळ्यांचे डोळे अंधाराला सरावले होते, आणि सगळ्यांना तो दिसला. पूल आता काळाच होता, आकाशापेक्षा जरा जास्त काळा. मध्ये कोनाड्यात एक पणती आणि खाली पाण्यात तिची हलणारी रेघ. बाकी काही नाही. विलासजींच्या सौभाग्यवतींनी त्यांची बाही धरून त्यांना खाली बसवलं आणि म्हणाल्या, "बसा हो." मी त्यांना आजवर शेवेची पिशवी समजत होते. ते मत मी बदललं.

"दिसतोय?" मी सरूबाईंना विचारलं.

"दिसून राहिला आहे." तिचा हात कपाळावरून खाली आला. ती म्हणाली, "तुमचा मोठा कॅमेरा आहे ना? एक काढता का? मुलाला दाखवीन."

मी काढला. ट्रायपॉड होताच, शटर बरेच सेकंद उघडं ठेवलं आणि श्वास धरून उभी राहिले. मग कॅमेऱ्याला हात लावला नाही. सगळे पायऱ्यांवर बसून बघत होतो. कुणाची तरी शेवेची पुडी एकदा चुरचुरली आणि गप्प झाली.

पणतीची ज्योत मोठी झाली, बारीक झाली, पुन्हा उसळली आणि गेली.

"गेले पार," सरूबाई म्हणाली. आवाज स्वच्छ होता. उठताना तिने माझ्या दंडाला धरलं. "आता अजून एक काढा."

"आता काही दिसत नाही हो."

"तेच काढा. नुसता दिव्याचा पाठवला तर पोराला वाटेल बाप अजून तिथेच आहे."

मी काढला. पुलाची पुसट रेघसुद्धा त्यात नाही, सगळा काळा. मुलाचा नंबर आणि घराची खूण सांगून ती पायऱ्या चढून गेली. मागे बघितलं नाही.

लाईटवाल्याने लगेच दिवे लावले. पूल पुन्हा जांभळा झाला, पोपटी झाला. हे मी मुद्दाम लिहिते, कारण ग्रुपवर ते कुणी लिहीत नाही. दिवे त्यानंतर बराच वेळ चालू होते. ज्यांना फोटो हवे होते त्यांना ते काढता आले असते. पण सगळे मला समजावण्यात गुंतले होते, आणि विलासजींच्या लेन्सचं झाकण तर बसमध्ये बसेपर्यंत निघालंच नव्हतं. ब्लू अवर मी घालवला नाही. तो पानियेबरोबर गेला, तुपात बुडवून.

परतताना बसमध्ये दोन पक्ष पडले. मागचा पक्ष म्हणत होता, "अंधार बघायला इतक्या लांब? अंधार तो अपने मोहल्ले में भी रहता है." पुढच्या पक्षात मृण्मयी आणि मी. ती घाट चढताना म्हणाली, "काकू, मी आजोबांच्या वेळी व्हिडिओ कॉलवर होते. मध्येच रेंज गेली." मी तिच्या हातात एक सीताफळ दिलं आणि बियांसाठी कागद दिला.

घरी आल्यावर दोन्ही फोटो मी सरूबाईंच्या मुलाला पाठवले. त्याचं उत्तर आलं ते त्याचं आहे, इथे लिहीत नाही. सरूबाईंना हातात धरायला कागदावरचे हवे होते, म्हणून राजवाड्याजवळच्या स्टुडिओत छापायला दिले. तिथला मुलगा म्हणाला, "मैडम, ये दूसरावाला करप्ट है. पूरा ब्लैक है."

"माहीत आहे. छाप."

"पैसा वेस्ट होगा."

"छाप म्हटलं ना."

इकडे कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मृण्मयीने दिव्याचा फोटो बघितला होता आणि भाबडेपणाने त्याचं वर्णन ग्रुपवर लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी विलासजी घरी हजर. ट्रिपचा विचका केल्याबद्दल पाव तास बोलले, चहा प्याले आणि मग म्हणाले, "तो दिव्याचा फोटो मंडळाच्या प्रदर्शनात लावू. मधोमध लावू ताई, तुमच्या नावासकट."

"दोन आहेत. लावायचे तर दोन्ही लावा, शेजारी शेजारी."

"दुसरा कोणता?"

मी दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "हा तर काळा आहे."

"हो."

"काळा फोटो भिंतीवर कोण लावणार? लोक हसतील."

"मग एकही नाही."

"पण कार्ड मंडळाचं आहे," ते म्हणाले. बँकेत इतकी वर्षं काढलेली वाया गेली नव्हती.

आहेच मंडळाचं. म्हणून परत केलं.

पुलखेडीला जायला मी कुणालाही नको म्हणणार नाही. पानिये खा, घाट जपून उतरा, ट्रायपॉड न्या. केबिनमध्ये डोकावून त्या लाईटवाल्याला एवढं मात्र विचारा, की आज गावात कुणाची तेरवी आहे का. असेल तर घाटावर मागच्या पायरीवर बसा आणि कॅमेरा पिशवीत ठेवा. माझ्या घरात त्या ट्रिपची एकही वस्तू उरली नाही, फोनमध्ये फोटोही नाही. तरी संध्याकाळी गॅलरीतला दिवा लावताना, आकाश निळं असेल तर, मी बटण जरा उशिरा दाबते. एवढंच राहिलं.

ग्रुपच्या माहितीसाठी, दिल्या-घेतल्याचं स्पष्ट लिहून संपवते.

विलासजींना, मंडळाच्या हॉलमध्ये, चार जणांसमोर दिलं: ट्रायपॉड, कपाटाची किल्ली आणि मेमरी कार्ड, पुसून.

सरूबाईंना, पुलखेडीला त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या हाती दिलं: फोटो दोन. एक दिव्याचा, एक काळा. दिव्याचा त्यांनी मांडीवर ठेवला. काळा उजेडात धरून बराच वेळ बघितला, आणि म्हणाल्या, "हा बरोबर आला आहे."